मजुरी कमी, म्हणून हातही स्वस्त?

रस्ता अपघातात हात गेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण उपचाराचा खर्च आणि वेदना यांचे पैसे धरतं; पण मोठी रक्कम बहुधा बुडालेल्या कमाईवरून ठरते. म्हणजे जातीने ज्याची मजुरी पाडली, त्याचा हातही स्वस्त. गटारसफाईसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रक्कमच ठरवून दिली: मृत्यूसाठी ३० लाख, कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख, इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख. पगार कितीही असो. हाच न्याय प्रत्येक मजुराला हवा. पण ठेकेदार म्हणतो, ‘हा आमचा माणूसच नाही.’ मस्टरवर नाव नसतं. घरातले पहिले पदवीधर आपण. एफआयआर, दवाखान्याचे कागद, साक्षीदारांची नावं त्याच दिवशी जमवणं आपलं काम. हक्काचे पैसे कागदावाचून बुडतात.