होडी शाकारण्याआधी

मे सरत आला की मालवणच्या दांडीपासून देवबागेपर्यंत एकच लगबग दिसते. एकीकडे पेरणीची तयारी, दुसरीकडे होड्या वर ओढून झापांनी शाकारणे. आपल्याकडे अनेक घरांत भातही आहे आणि होडीही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होडी निघते ती नारळी पौर्णिमेच्या सुमारास. मग टाकीत उरलेल्या पेट्रोलचे काय करायचे?

"राहू दे तसेच" म्हणू नका. २०२५ पासून देशभर बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळाभर ते टाकीत राहिले तर पाणी तळाशी बसते, यंत्र सुरू होत नाही आणि आतले भाग गंजतात.

म्हणून शेवटच्या आठवड्यात लागेल तेवढेच पेट्रोल घ्यावे. शेवटच्या फेरीहून आल्यावर होडी पाण्यात असतानाच इंजिनाची नळी सोडवावी आणि ते आपोआप बंद पडू द्यावे. कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून जाते. इंजिन पाण्याबाहेर मात्र चालवू नये. थंड ठेवणारे पाणी न मिळाल्याने ते बिघडते.

टाकी रिकामी करणे दिवसाउजेडी, उघड्यावर आणि इंजिन गार झाल्यावरच करावे. बॅटरीची तार आधी काढावी. सुटी टाकी असेल तर ती उचलून जमिनीवर आणावी. पक्की बसवलेली असेल तर इंधनासाठी मिळणारा हातपंप वापरावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता होडीच्या तळाशी, फळ्यांखाली साचते. तिथे विडीची एक ठिणगी पुरते. लक्षात ठेवा, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी झालेली, वाफेने भरलेली टाकी जास्त घातकी.

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची सवय तर सोडाच. मीही तरुणपणी ते केले आहे. एकदा घोट आत गेला आणि रात्रभर खोकत बसलो. निभावले ते नशिबाने. पेट्रोल फुप्फुसात उतरले तर माणूस दगावू शकतो. कोणी गिळलेच तर ओकारी काढायला लावू नका. तडक दवाखान्यात न्या.

काढलेले पेट्रोल पेट्रोलसाठीच बनवलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. डबा जमिनीवर ठेवून भरावा, वर थोडी जागा सोडावी. सरबताच्या बाटलीत कधीच नको. तहानलेले पोर बाटली पाहते, आतले काय ते पाहत नाही. डबा चुलीजवळ, निजायच्या पडवीत किंवा गवत भरलेल्या मांगरात ठेवू नये. खाडीत किंवा वाळूत तर ओतूच नये, आपल्या विहिरी तिथून दूर नसतात.

पेट्रोल शुद्ध असेल तर आठवड्याभरात मोटारसायकलला वापरावे. तेल मिसळलेले असेल तर तितकेच तेल लागणाऱ्या फवारणी पंपाला किंवा गवत कापायच्या यंत्राला चालेल, मोटारसायकलला नको.

टाकी काढल्यावर होडीचा तळ कोरड्या फडक्याने पुसावा. फडके उघड्यावर वाळू द्यावे. होडी दिवसभर वाऱ्यावर उघडी ठेवावी आणि वास पूर्ण गेल्यावरच झाप घालावेत. जवळ वाळूची बादली असू द्यावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते.

थेंबे थेंबे तळे साचे हे खरे, पण पेट्रोलचे तळे घरात साचवायचे नसते. दोन-चार लिटरच्या लोभापायी घर धोक्यात घालू नका. समुद्राला नारळ वाहायला घरची सगळी माणसे धडधाकट किनाऱ्यावर असावीत, एवढ्यासाठीच हा खटाटोप.