बटण दाबल्यावर कोण उठणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलींच्या वसतिगृहात धोक्याची बिनतारी बटणे बसली. ती बसविणाऱ्या वायरमनच्या मागे मी दिवसभर हिंडले. त्यांनी खालच्या कचेरीत मुख्य पेटी लावली आणि एकेक बटण दाबून तिला ओळखायला शिकविले. प्रत्येक बटणाचा संकेत वेगळा, म्हणून हाक कोणत्या मजल्यावरून आली हे पेटीला कळते. चुकून धक्का लागून भोंगा वाजू नये यासाठी बटण क्षणभर दाबून धरावे लागते. मागच्या न्हाणीघरातून दाबले, तेव्हा मात्र भोंगा वाजेना. मध्ये दगडी भिंती आणि लोखंडी टाकी! पेटी जिन्याजवळ हलविली, तेव्हा कुठे काम झाले. जाताना ते म्हणाले, "ताई, दर महिन्याला सगळी बटणे दाबून बघा. बिनतारी म्हणजे बिनसेलाची नव्हे."

आम्ही ऐकले आणि विसरलो. पहिल्याच आठवड्यात तीनदा गंमत म्हणून बटण दाबले गेले. तिन्ही वेळा पहारेकरी काका धापा टाकीत जिने चढून आले आणि आम्ही हसलो.

पुढे एका रात्री प्रथम वर्षाच्या एका मुलीला दम्याचा झटका आला. तिने बटण दाबले, भोंगाही वाजला. 'पुन्हा पोरींचा खेळ' असे समजून काकांनी तो बंद केला. आम्ही अंथरुणातच पडून होतो. दुसरी कोणीतरी उठेल असे प्रत्येकीला वाटत होते. मलाही वाटत होते. तिच्या खोलीतली मैत्रीण ओरडत बाहेर आली, तेव्हा आम्ही हललो. ती मुलगी आज बरी आहे, पण त्याचे श्रेय आमचे नाही.

आता काहीजणी म्हणतात, ही बटणे म्हणजे नुसता देखावा, काढून टाका. मला हे पटत नाही. त्या रात्री तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बोट तेवढे हलत होते. यंत्राने आपले काम चोख केले. चुकलो ती आम्ही माणसे. बटण रक्षण करीत नाही, ते फक्त हाक मारते. ओ देणारा नसेल तर हाकेला काय अर्थ?

१ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये धोक्याचे बटण सक्तीचे झाले. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरावयाचा, स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबावयाचे. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? कितीजणांनी आपल्या फोनवर ती सोय सुरू आहे की नाही हे पाहिले आहे? साधन हाती आले की सुरक्षितताही आली, असे आपण मानतो. घोटाळा होतो तो तेथेच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्व बटणे तपासावीत आणि ते वहीत लिहावे. गंमत म्हणून बटण दाबणारीला हसून सोडू नये. आणि भोंगा वाजताच कोणी उठावयाचे, त्या रात्रीच्या दोघींची नावे फळ्यावर लिहावीत.

पहिल्या रात्री माझे नाव लिहावे.