नाटेकरांनंतरचा हिशेब

सांगलीत 1933 साली जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. भारतीय बॅडमिंटनने त्या पराभवाचे आभारच मानावेत. 1954मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली, 1956मध्ये क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. 1961मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्याच वर्षी तो त्यांना मिळाला.

तेव्हा या खेळावर पोट भरत नसे. आता भरते, पण मोजक्यांचे. 52 आठवड्यांतील सर्वोत्तम दहा स्पर्धांच्या गुणांवर जागतिक क्रमवारी ठरते आणि क्रमवारीवर मोठ्या स्पर्धांचा प्रवेश. गुणांसाठी परदेशवारी करावी लागते, तिचा सुरुवातीचा खर्च बहुधा घरचाच. मुंबईचा चिराग शेट्टी 2023मध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीसह दुहेरीत जागतिक अव्वल झाला. असे यश दिसते, त्यामागचा खर्च दिसत नाही. पनवेलमध्येही बॅडमिंटन खेळणारी मुले कमी नाहीत. पनवेल महापालिकेने सत्कारांच्या शाली जरा कमी कराव्यात आणि होतकरू खेळाडूंच्या प्रवासखर्चाची कायमस्वरूपी तरतूद अर्थसंकल्पात करावी.