विश्लेषण : अंगणातली मोरपंखी माहीत, मग रानातली उंबळी अनोळखी का?

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात अनावृत्तबीजी वनस्पतींची उदाहरणे दिली आहेत ती सायकस, ख्रिसमस ट्री, मोरपंखी आणि देवदार यांची. पेण-रोह्याच्या विद्यार्थ्याला यातली मोरपंखी आणि सायकस दिसतात ती बंगल्याच्या आवारात किंवा नर्सरीत. देवदार त्याला ठाऊक तो देवदारी खोक्यामुळे, आणि त्या खोक्याचे लाकूड बहुधा पाइनचे असते. त्यामुळे ही झाडे थंड मुलखातली, कोकणच्या रानाशी त्यांचे नाते नाही, असा समज पक्का होतो. तो चुकीचा आहे. रायगड जिल्ह्यातल्याच माथेरानच्या जंगलात उंबळी वाढते. कुंबळ हे तिचे दुसरे नाव आणि ‘नीटम उला’ हे शास्त्रीय. हा सह्याद्रीतला अस्सल अनावृत्तबीजी महावेल पुस्तकातल्या उदाहरणांत नाही.

‘उघडे बी’ म्हणजे नेमके काय?

आंब्याच्या मोहोरात बीजांड अंडाशयात झाकलेले असते. पराग कुक्षीवर पडतो, परागनलिका आत उतरते, फलन होते आणि अंडाशयाचेच फळ बनते. अनावृत्तबीजींत अंडाशयच नाही, म्हणून फळही नाही. बीजांड शंकूच्या खवल्यावर उघडे बसलेले असते.

हे पाहायला हिमालयात जावे लागत नाही. मोरपंखीच्या फांदीवर निळसर हिरवी, आकड्यासारखी शिंगे असलेली छोटी बोंडे असतात. मुले ती खेळायला तोडतात आणि मोठी माणसे त्यांना फळे म्हणतात. ते मादी शंकू. नर शंकू त्याच झाडावर, फांद्यांच्या टोकांना, अगदी बारीक. त्यांतला पराग वाऱ्याने उडतो. परागण होण्याच्या वेळी बीजांडाच्या तोंडाशी चिकट द्रवाचा एक थेंब येतो. उडता पराग त्यात अडकतो, थेंब आत ओढला जातो आणि पराग थेट बीजांडात पोहोचतो. शंकू वाळून तपकिरी झाला की खवले उकलतात आणि बी खाली पडते.

सायकसमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी. नर झाडाच्या शेंड्यावर मोठा शंकू येतो. मादी झाडावर बंद शंकू न येता पानांसारख्या खवल्यांचा झुबका येतो आणि त्यांच्या कडेला बिया धरतात. सायकसच्या पुंपेशी चक्क पोहतात. जपानच्या इकेनो यांनी हे १८९६ मध्ये दाखवले. बागेतला सायकस बहुतेकदा बुंध्याशी येणाऱ्या पिल्लांपासून वाढवतात. एकाच झाडाची पिल्ले लावली तर सगळी एकाच लिंगाची निघतात. अशा आवारात वर्षानुवर्षे बी धरत नाही, आणि त्यात मालकाचे काही बिघडतही नाही. रानात मात्र ते परवडत नाही.

उंबळीचे वेगळेपण कशात?

ही वनस्पती अनावृत्तबीजी आहे, हे पाहून कोणाला पटणार नाही. पाने रुंद, समोरासमोर, जाळीदार शिरांची, पेरी फुगीर. शंकूही नेहमीच्या कल्पनेतला नाही. एका दांडीवर कड्यांची माळ ओवावी तशी रचना असते. मादी वेलीवर कड्याकड्यावर बीजांडे बसतात. बी पिकले की नारिंगी-तांबडे दिसते, साधारण सुपारीएवढे. ते फळच वाटते, पण मांसल भाग बियांच्या वेष्टनाचा असतो. वारा दाट झाडीत फारसा शिरत नाही, म्हणून नीटमच्या काही जातींत तो गोड थेंब कीटकांना बोलावतो आणि पतंग रात्री परागण करतात. बी गळते तेव्हाही आतला गर्भ पूर्ण वाढलेला नसतो. रुजायला वेळ लागतो, तोवर खालची जमीन सावलीची आणि ओली राहिली पाहिजे.

मग अडचण कोठे आहे?

उंबळीतही नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. वनशास्त्राच्या जुन्या शिस्तीत वेल म्हणजे इमारती झाडाचा शत्रू, त्यामुळे वेल तोडणे हे नेहमीचे काम मानले गेले. फार्महाउससाठी रान साफ करतानाही पहिला कोयता वेलावरच पडतो. एखाद्या देवराईत दोनच वेल उरले असतील आणि त्यातला एक तोडला, तर दुसरा कित्येक वर्षे हिरवागार दिसेल, पण बी धरणार नाही. झाड आहे म्हणजे जात सुरक्षित, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

रोहा-मुरूडकडचे फणसाड अभयारण्य पाहायला येणारे गारंबीच्या लांबलचक शेंगांपुढे फोटो काढतात. महावेल लोकांना आवडतो, फक्त कोणीतरी तो दाखवावा लागतो. उंबळी दाखवणारे तसे फारसे कोणी नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावांनी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ज्या गावच्या रानात उंबळी आहे, तेथे नुसते नाव लिहून भागणार नाही. नर वेल किती, मादी वेल किती, ते एकमेकांपासून किती अंतरावर आहेत आणि खाली रोपे दिसतात का, एवढे चार रकाने हवेत. शंकू असतील तेव्हाच वेलाचे लिंग ओळखता येते, म्हणून एका फेरीत हे काम होणार नाही. नववी-दहावीच्या वर्गाला ते दोन वर्षांत जमेल. माहितगार कातकरी किंवा ठाकर माणूस बरोबर असेल तर आणखी लवकर.