फूटपाथच्या कडेवरची पोरं

करी रोडला रविवारी सकाळी रस्ता जरा मोकळा असतो. तेव्हा काही मुलं फूटपाथच्या कडेला मेणबत्ती घासताना दिसतात. येणारे-जाणारे त्यांना हटकतात. मला वाटतं, हटकण्याआधी ती काय करताहेत हे समजून घ्यावं.

स्केटबोर्डच्या या प्रकाराला बोर्डस्लाइड म्हणतात. कडेच्या जवळून वेगात यायचं, मागच्या पायाने बोर्डची शेपटी जमिनीवर आपटून उडी घ्यायची, हवेत बोर्ड आडवा फिरवायचा आणि त्याचं पोट कडेवर टेकवून घसरत जायचं. लाकूड सिमेंटला अडकतं, म्हणून मेण. पण खरी अडचण भीतीची. घाबरलेला माणूस आपोआप मागे झुकतो आणि मागे झुकला की बोर्ड पुढे निसटतो. गुडघे वाकवून वजन बोर्डच्या बरोबर वर ठेवलं तरच टिकाव लागतो. जीव वाचवायला जे करावंसं वाटतं, तेच पाडतं. हे पडून पडूनच कळतं.

याला टवाळकी म्हणू नये. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं. 'स्ट्रीट' प्रकारात, म्हणजे पायऱ्या, कठडे आणि कडा यांवरच्या खेळात, मोमिजी निशिया या 13 वर्षांच्या जपानी मुलीने सुवर्ण जिंकलं. आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवलं.

मग करी रोडच्या पोरांना जागा का नाही? उत्तर गिरण्यांच्या जमिनीत आहे. 1991 च्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. टॉवर उभे राहिले, पोरांच्या वाट्याला फूटपाथची कड आली.

मेण लावलेल्या कडेवरून एखादे आजोबा घसरतील, हा आक्षेप रास्त आहे. गाड्यांची भीती तर आहेच. म्हणूनच वेगळी जागा हवी. लागतं तरी काय? फूटभर उंचीचा सिमेंटचा ओटा, त्याच्या कडेला लोखंडी अँगल आणि समोर गुळगुळीत कोबा. पेव्हर ब्लॉक नकोत, त्यांच्या फटीत चाकं अडकतात. माटुंग्याला नागरिकांनी पाठपुरावा केला, तेव्हा उड्डाणपुलाखाली बाग झाली. लालबागच्या पुलाखाली एक ओटा व्हायला काय हरकत आहे?

मला या ओट्याचं अप्रूप आणखी एका कारणाने आहे. या शहरात भाड्याचं घर बघायला गेलं की आम्हाला आधी नाव विचारतात, मग घर दाखवायचं की नाही ते ठरतं. त्या कडेवर पडलेल्या पोराला हात देताना कुणी नाव विचारत नाही. अशा जागा आपोआप उरत नाहीत, मागून घ्याव्या लागतात. पुढच्या वेळी नगरसेवक मतं मागायला दारात आले, की पाण्याबरोबर आणि गटाराबरोबर या ओट्याचंही विचारा.