राघूवरचे फडके

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आकाशकंदील घेऊन आम्ही अमरावतीच्या बाजारातून परतत होतो. रस्त्याच्या कडेला पिंजऱ्यांची उतरंड दिसली आणि आमचे चिरंजीव जे थबकले, ते हलेनात. वर निळे-पिवळे बजरीगर किलबिलत होते. आपण त्यांना सर्रास 'लव्ह बर्ड' म्हणतो. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेचे, हे बिचारे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खालच्या एका पिंजऱ्यावर मात्र फडके होते. त्याची कड उचलून विक्रेता हलक्या आवाजात म्हणाला, "राघू घ्या ना सर! महिन्याभरात बोलते हा."

"बाबा, यालाच फडके का?" चिरंजीवांनी विचारले.

परदेशी पक्षी उघड्यावर आणि आपल्या मातीतला झाकलेला, हे कोडे आहे खरे! १९७२ च्या कायद्याने आपला साधा हिरवा पोपटही वन्यजीवच. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापाराला बंदी आहे. विकणे गुन्हा, तसे घरी पाळणेही गुन्हा; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही. हे पोपट बहुधा कोणी घरी निपजवीत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी झाडांच्या ढोल्यांत हात घालून पिले काढतात, आणि त्यांतली कितीतरी बाजार गाठण्यापूर्वीच मरतात. घरी येईतो हे सारे मी चिरंजीवांना सांगितले. वर्गात माझे कोणी इतके लक्ष देऊन ऐकत नाही.

तेच नडले. भाऊबीजेला अकोल्याला आत्याकडे गेलो. तिच्या ओसरीवर बारा वर्षांपासूनचा राघू. तोंडात करंजी असतानाच चिरंजीव म्हणाले, "आजी, तुला तीन वर्षे कैद होऊ शकते!"

आत्या हसली नाही. "तुझ्या आजोबांनी आणला होता रे. ते गेल्यापासून 'चहा झाला का' विचारणारा घरात हाच एक उरला."

सोडून द्या म्हणणे सोपे. तिने पिंजऱ्याचे दार उघडून दाखवले. राघू बाहेर आला, पिंजऱ्याच्या माथ्यावर घटकाभर बसला आणि पुन्हा आत गेला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला नळीला लटकलेला शुक मी कैक वर्षे शिकवतो आहे. नळी स्वतःच धरून बसायची आणि आपण बांधले गेलो म्हणायचे. आत्याच्या राघूचे तसे नव्हते. त्याला खरोखरच दाणा शोधणे ठाऊक नव्हते. वनखात्याच्या स्वाधीन करणे हा कायद्याचा मार्ग. तो मी आत्याला दोनदा सांगितला. तिने मान डोलावली आणि राघूसाठी मिरची आणायला उठली.

संध्याकाळी निघताना ओसरीकडे पाहिले. पिंजऱ्यावर आत्याच्या जुन्या लुगड्याचे फडके होते.