‘पॅकेजमध्ये बसत नाही’

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतला रुग्ण दाखल करताना आरोग्यमित्राच्या टेबलापाशी आणि पुढे हिशेबाच्या खिडकीपाशी हे वाक्य कानी पडते. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स हातात घेऊन ताटकळलेल्या नातेवाइकाला त्याचा एकच अर्थ कळतो : पैसे भरा.

राज्य सरकारने २०२३ मध्ये दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर नेले, पांढऱ्या कार्डालाही दार उघडले. पण पाच लाख ही कुटुंबाच्या वर्षभराच्या उपचारांची कमाल मर्यादा. रुग्णालयाच्या हाती पडतो तो त्या-त्या उपचाराचा ठरलेला दर, म्हणजेच ‘पॅकेज’. मर्यादा वाढली म्हणून दर आपोआप वाढत नाही. तो परवडत नसेल तर रुग्णालय ‘खाट रिकामी नाही’ म्हणते, नाहीतर वरची रक्कम पावतीविना मागते. हे दुसरे सरळ बेकायदा आहे आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण नुसत्या नोटिसांनी तुटीचा दर पुरा पडत नाही.

त्यात पैसे मिळण्याची वाट. मोठे रुग्णालय थकबाकी सोसते. तालुक्यातल्या पंचवीस खाटांच्या डॉक्टरला मात्र परिचारिकांचा पगार पहिल्या तारखेलाच द्यावा लागतो आणि औषधवाला उधारी किती दिवस ठेवणार? मुदत उलटली की व्याज, आणि दावा फेटाळला तर लेखी कारण, एवढे तरी बंधन हवे.

मग सरसकट दर वाढवावेत का? तेही नाही. छत्तीसगडमध्ये २०१२ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या पैशांसाठी गरज नसताना बायकांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण गाजले होते. पैसे शस्त्रक्रियेचे मिळतात, तेव्हा शस्त्रक्रियाच वाढतात. आपल्याकडेही डायलिसिसचे पैसे योजना देते. मूत्रपिंडे निकामी करणाऱ्या मधुमेहाच्या रोजच्या बाह्यरुग्ण उपचारांना तिच्यात जागा नाही. दर प्रत्यक्ष खर्च मोजून ठरवावेत, ठरावीक काळाने तपासावेत आणि रकमेचा काही हिस्सा रुग्ण घरी गेल्यानंतरच्या तपासण्यांशी बांधावा.

राज्य आरोग्य हमी सोसायटीने सुरुवात सोप्या कामापासून करावी. कोणत्या रुग्णालयाचा दावा किती दिवस पडून आहे आणि तो कोणाच्या टेबलावर अडला आहे, याची यादी दर महिन्याला जाहीर करावी. पाच लाखांच्या जाहिरातीला जागा मिळाली, तशी या यादीलाही मिळेल.